उभें राहण्याचा इतिहास

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत चैत्र लागला कीं पहाटेपासून मोहफुलें वेंचणें सुरू होतें. वेंचणारी बाई घटकाभर उकिडवी बसते, टोपली उचलून उभी राहते, पुन्हां बसते. या साध्या उठण्यांत देहाला केवढी उलाढाल करावी लागते, हें कळावयास शास्त्रास सुमारें दोनशें वर्षें लागलीं.

मनुष्य उभा राहतांच अर्ध्या लिटरइतकें रक्त पोटाकडे व पायांकडे उतरतें. हृदयाकडे परतणारें रक्त घटून दाब उतरूं लागतो. आणि मेंदू तर सर्वांत उंचावर!

इ. स. १७३३ मध्यें स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें आपला प्रयोग प्रसिद्ध केला. उताणी बांधलेल्या घोडीच्या धमनीला जोडलेल्या कांचेच्या नळींत रक्त ८ फुटांहून उंच चढलें होतें. दाब मोजला गेला. पण तो सांभाळतो कोण, हा प्रश्न उरला. १८६६ मध्यें सिऑन व लुडविग यांनीं दाब उतरविणारा मज्जातंतु शोधिला. १८९६ मध्यें रीवा-रोच्ची यानें दंडाची पट्टी काढली, व उभ्या मनुष्याचाहि दाब सहज मोजतां येऊं लागला. १९२० नंतरच्या दशकांत हेरिंग यानें मानेंतील धमनी दुभंगते तेथला पहारेकरी दाखविला. तेथील भिंतीचा ताण सैल पडला कीं मेंदूकडे जाणारे संदेश घटतात. तत्काळ नाडी जलद होते व रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ज्यांच्यांत ही व्यवस्था निकामी होते, अशा तीन रोग्यांचें वर्णन ब्रॅडबरी व एगल्स्टन यांनीं १९२५ मध्यें केलें.

वैशाखांत घामानें रक्तांतील पाणी घटतें, त्वचेच्या वाहिन्या रुंदावतात, आणि पहारेकऱ्याचें काम अवघड होतें. तेंदूपानें तोडतांना कित्येकांच्या डोळ्यांपुढें अंधारी येते ती याचमुळें.

येथें एक गंभीर प्रश्न उभा राहतो. ‘सर्च’ संस्थेच्या २०१५ मधील अभ्यासांत गडचिरोलीच्या खेड्यांत सातांपैकीं एक मृत्यु पक्षाघाताचा आढळला. तेव्हां वाढलेला दाब औषधानें उतरविलाच पाहिजे. परंतु उन्हांत उठबस करून पोट भरणाऱ्या वृद्धाचा दाब केवळ बसवून मोजणें अपुरें होय. उभें केल्यावर तीन मिनिटांच्या आंत वरचा दाब २० अंशांनीं उतरला, तर औषधाचा पुन्हां विचार करावा लागतो.

हेल्सची घोडी उताणी होती. आमचा रोगी उभा राहून जगतो. त्याला उभें करून मोजावयास तीन मिनिटें पुरतात. तीं वांचविण्यांत शहाणपण नाहीं, असें आम्हांस वाटतें.