मदरबोर्ड बदलताना परवाना तपासा

धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर असो वा पुणे, जुना संगणक मोडीत काढण्याऐवजी त्याचे भाग बदलणे स्वस्त पडते. मात्र या हिशेबात ‘विंडोज’चा परवाना अनेकदा विसरला जातो.

२००१ मधील ‘विंडोज एक्सपी’पासून ही कार्यप्रणाली संगणकाच्या भागांवरून त्याची ओळख पटवते. केवळ रॅम वाढविल्याने सहसा अडचण येत नाही. मदरबोर्ड बदलल्यास मात्र तो नवा संगणक मानला जातो. संगणकासोबत मिळालेला ‘ओईएम’ परवाना त्याच यंत्रापुरता असतो. सदोष मदरबोर्ड उत्पादकाने बदलून दिल्यास तो टिकतो; वेग वाढविण्यासाठी बदलल्यास नवा परवाना घ्यावा लागतो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला ‘रिटेल’ परवाना जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. २०१६ पासून डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडण्याची सोय आहे. ही जोडणी भाग बदलण्यापूर्वीच करावी.

‘विंडोज १०’चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आवश्यक असल्याने अनेक जुन्या संगणकांचे मदरबोर्ड निरुपयोगी ठरतात. अशा वेळी दुरुस्तीच्या खर्चात नव्या परवान्याची किंमतही धरावी. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणे हा स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार गुन्हा आहे. परवान्याचा खर्च परवडत नसल्यास ‘सी-डॅक’ने विकसित केलेली ‘बॉस’ ही लिनक्स-आधारित प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे.