पंधरा मिनिटांची मात

१/ नोव्हेंबर १९५१. मँचेस्टर विद्यापीठातील ‘फेरँटी मार्क १’ या संगणकाने बुद्धिबळाचे एक कोडे सोडवले: ‘पांढऱ्याने खेळून दोन चालींत मात’. उत्तराला सुमारे १५ मिनिटे लागली. सरावलेला खेळाडू असे कोडे बहुधा त्याआधीच सोडवतो. तरीही संगणकीय बुद्धिबळाच्या इतिहासात या पंधरा मिनिटांना मानाचे स्थान आहे. ते का, हे पाहू.

२/ ही आज्ञावली लिहिली फेरँटी कंपनीतील डीट्रिख प्रिन्झ यांनी. संपूर्ण डाव त्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचा होता. सुमारे ४० चालींच्या डावातील शक्यता १ वर १२० शून्ये इतक्या भरतात, असे क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्येच मांडले होते. त्यामुळे डाव खेळणाऱ्या यंत्राला कुठेतरी थांबून अंदाज बांधावाच लागतो. मातेच्या कोड्यात अंदाज चालत नाही. तिथे पुरावा लागतो.

३/ पॉल मॉर्फी यांच्या नावावरचे प्रसिद्ध कोडे घ्या.
पांढरा: राजा सी८, हत्ती ए१, प्यादे बी६.
काळा: राजा ए८, उंट बी८, प्यादी ए७ आणि बी७.
उत्तर: हत्ती ए६! आता काळ्याकडे नेमक्या सात चाली उरतात. प्याद्याने हत्ती मारला, तर बी७ वर प्यादे सरकवून मात. उंट हलला, तर तो सहापैकी कुठल्याही घरात जावो, हत्तीने ए७ चे प्यादे मारून मात.

४/ ‘अटळ मात’ म्हणजे हेच. आपली एक चाल पुरते, पण प्रतिपक्षाच्या प्रत्येक उत्तराचा बंदोबस्त हवा. प्रिन्झ यांचे यंत्र एकेक चाल, तिची सर्व उत्तरे आणि त्यांवरच्या सर्व चाली तपासत जाई. काम आटोक्यात राहावे म्हणून कॅसलिंग आणि प्याद्याची बढती हे नियम गाळले होते.

५/ याच काळात ॲलन ट्युरिंग यांची आज्ञावली पूर्ण डाव खेळू पाहत होती. १९५२ मध्ये ट्युरिंग यांनी तिची आकडेमोड स्वतः कागदावर करून ॲलिक ग्लेनी यांच्याशी डाव मांडला आणि ते हरले. तिच्या चाली अंदाजावर उभ्या होत्या. प्रिन्झ यांचे उत्तर लहानसे, पण सिद्ध होते.

६/ हा भेद आजही टिकून आहे. स्टॉकफिशसारखी खेळणारी आज्ञावली निरुपयोगी वाटणाऱ्या फांद्या छाटते, म्हणून ती वेगवान आहे. पण त्याच छाटणीत एखादी शांत, अधिक जवळची मात काही काळ निसटू शकते. म्हणून कोडेकार ‘पोपाय’सारख्या, एकही उत्तर न गाळणाऱ्या आज्ञावलीवर आपली रचना पारखतात. पहिली चाल एकमेव असावी, हा त्यांचा दंडक. छापून नावाजलेल्या कित्येक जुन्या कोड्यांत यंत्राने दुसरे उत्तर काढून दाखवले आहे.

७/ २०१२ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या ‘लोमोनोसोव’ महासंगणकावर, दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांच्या शेवटांचे कोष्टक तयार झाले. मातेपासून उलटे मागे येत केलेले हे गणित. त्यात एक मात ५४९ चालींची निघाली. ती सिद्ध आहे. पण तिच्यातील बहुतेक चालींचे कारण कोणालाही सांगता येत नाही.

८/ मॉर्फींची चाल दिसताक्षणी पटते, ५४९ चालींची मात केवळ मानावी लागते. पुरावा आणि आकलन यांची फारकत झाली ती अशी. म्हणून पुढच्या वेळी यंत्राने उत्तर दिले, की काळ्याची सगळी उत्तरे एकदा स्वतः पटावर मांडून पाहा. ‘मात आहे’ हे यंत्र सांगेल. ‘का आहे’ हे आपल्यालाच शोधावे लागते.