नीराखोऱ्यातील तस्कनी

राहुरीच्या मुळाकाठी, जेथे १९६८ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ नांदत आहे, त्या उसाच्या मुलखात मद्य म्हटले की मळीचा अर्क आणि अबकारीचा परवाना एवढेच लोकांस स्मरते. म्हणून भीमा ओलांडून नीराकाठच्या अकलूजला गेलेल्या राहुरीकरास तेथे इटलीची द्राक्षवेल रुजलेली पाहून विस्मय वाटल्यास नवल नव्हे.

द्राक्ष आपणांस परके नाही. भोकरी, फकडी, पांढरी साहेबी ही वाणे इकडे जुनी. पण ती खाण्याची. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या अंमलात, नारायणगावच्या मद्यप्रकल्पासारखे अपवाद वगळता, मद्योपयोगी वाणांस उत्तेजन असे मिळालेच नाही, आणि ते २००१ सालच्या सरकारी धोरणाने प्रथम मिळाले. पुढे मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची या तीन घराण्यांतील बंधूंनी तेथील तस्कनी प्रांताचे मद्यज्ञ पिएरो मासी यांच्यासह ‘फ्रातेल्ली’ ही वायनरी उभारली, व कियान्ती या तस्कनीच्या लाल मद्याचा केवळ प्राण असलेले सान्जोव्हेसे हे वाण अकलूजच्या माळशिरस तालुक्यात आले.

तस्कनीत वेल हिवाळ्यात निद्रिस्त होते आणि शरदात तोडणी चालते. येथे ती निद्रा नाही, म्हणून उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी अशी दोनदा कात्री लावावी लागते, आणि घड माघ-फाल्गुनाच्या सुमारास उतरतात. येथल्या मद्याची कीर्ती सांगताना इटलीचेच नाव पुढे केले जाते. माझ्या मते त्यातील निम्मे श्रेय छाटणीच्या कात्रीस, म्हणजे येथल्या बागाइतदाराने खाण्याच्या द्राक्षावर गिरवलेल्या विद्येस, द्यावयास हवे.