पात्याच्या बुडाशी उमटलेले नाव

घडीचा जुना चाकू हाती आला की नवखा माणूस आधी पाते उघडून धार बघतो. मुरलेला संग्राहक भिंग काढतो आणि पाते मुठीला जिथे जोडलेले असते, त्या बुडाशी बघतो. तिथे अर्ध्या-पाऊण इंच जागेत काही अक्षरे ठोकलेली असतात: कारागिराचे किंवा कारखान्याचे नाव, गावाचे नाव, कधी एखादी चांदणी, मुकुट किंवा जुळी माणसे. चाकू जमवायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो हाच, की आधी हा ठसा वाचायला शिका, मग पैसे मोजा. सल्ला साधा वाटतो. पण हा ठसा आला कुठून, तो चोरला कुणी आणि तो कोणाचे नाव सांगत नाही, हे पाहू लागलो की युरोपातल्या कारागिरीचा चारशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो. हौसेने चाकू घेणाऱ्याला त्या इतिहासाची थोडी तरी ओळख हवी, कारण बाजारातल्या बहुतेक फसवणुकी याच इतिहासातून आल्या आहेत.

घडीचा चाकू ही कल्पना फार जुनी आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातले एक घडीचे हत्यार आहे. त्यात पाते, चमचा, काटा अशी अवजारे एकाच मुठीत मिटतात. मात्र खिशातला चाकू घरोघर पोचला तो लेखणीच्या सोबतीने. पिसाची लेखणी झिजली की तिचे टोक पुन्हा पुन्हा तासावे लागे. म्हणून इंग्रजीत लहान चाकूला ‘पेन-नाइफ’ नाव पडले. फारसीत त्यालाच कलमतराश म्हणतात. आपल्याकडे बोरू तासून त्याला तिरपा छेद देणाऱ्या कारकुनालाही धारदार लहान पात्याची तितकीच गरज होती. पिसे गेली, बोरू गेला. ‘पेन-नाइफ’ हे नाव तेवढे राहिले.

हे चाकू जगभर पुरवणारे गाव म्हणजे उत्तर इंग्लंडमधले शेफील्ड. तिथे डोंगरउतारावरून येणारे पाच लहान-मोठे प्रवाह पाणचक्क्या फिरवत आणि जवळच्या डोंगरातला खरखरीत दगड धार लावायला उपयोगी पडे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एका पिठाच्या चक्कीवाल्याजवळ शेफील्डचा चाकू असल्याचे लिहिले आहे, म्हणजे गावाचे नाव तेव्हाच मालाची ओळख झाले होते. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने ‘हॅलमशायरची कटलर्स कंपनी’ स्थापन झाली. प्रत्येक उस्तादाने आपली खूण या संस्थेकडे नोंदवायची आणि दुसऱ्याची खूण वापरायची नाही, असा दंडक होता. चाकू वाईट निघाला तर तो कोणी केला हे ठशावरून कळावे, हा त्यामागचा हेतू. ठसा सुरुवातीला जाहिरातीसाठी नव्हता, जबाबदारीसाठी होता.

पुढे त्याच ठशाला किंमत आली. जोझेफ रॉजर्स अँड सन्स या घराण्याची चांदणी आणि माल्टीज क्रूस ही खूण जगभर ओळखली जाऊ लागली. १८२२ मध्ये चौथ्या जॉर्ज राजाने या घराण्याला राजाश्रय दिला. त्यांच्या पात्यांवर मुकुट आणि राजाची किंवा राणीची आद्याक्षरे येऊ लागली, त्याखाली ‘६ नॉरफोक स्ट्रीट’ हा पत्ता. नवख्यांना ही आद्याक्षरे फार उपयोगी पडतात. व्हिक्टोरियाचे ‘व्ही आर’ असेल तर चाकू साधारण १८३७ ते १९०१ मधला, असा पहिला अंदाज बांधता येतो. पण तो अंदाजच समजावा. राजचिन्ह वापरणारे रॉजर्स हे एकटेच नव्हते आणि ठसा हुबेहूब उठवणारे तर पुष्कळ होते. नक्कल करणाऱ्यांविरुद्ध या कंपनीला वारंवार न्यायालयाची पायरी चढावी लागली.

नकलेचे सर्वांत मोठे भांडण झाले ते जर्मनीतल्या झोलिंगेन या गावाशी. झोलिंगेनही शेफील्डइतकेच जुने, तलवारींसाठी प्रसिद्ध. तिथल्या हेंकेल्स घराण्याने जुळ्या भावंडांची खूण १७३१ मध्येच नोंदवली होती. पण एकोणिसाव्या शतकात तिथून हलका मालही मोठ्या प्रमाणावर निघू लागला आणि त्यातल्या बऱ्याच मालावर शेफील्डचे नाव ठोकलेले असे. ओतीव लोखंडाचे पाते, वर उत्तम पोलादाचा दावा. आपल्याकडे ज्याला ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ म्हणतात, तोच प्रकार. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाला गेलेल्या फ्रान्झ रूलो या जर्मन तंत्रज्ञानेच आपल्या देशाचा माल स्वस्त आणि वाईट असल्याचे जाहीरपणे लिहिले, तेव्हा जर्मनीत मोठी खळबळ उडाली.

शेफील्डच्या कारखानदारांनी आरडाओरड केली आणि १८८७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने ‘मर्चंडाइज मार्क्स’ कायदा केला. परदेशी मालावर इंग्रजी वाटेल असे नाव असेल तर तो कोणत्या देशात झाला हे लिहिणे भाग पडले. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द असे शिक्षा म्हणून जन्मले. पुढच्या काही दशकांत झोलिंगेनने मालच असा सुधारला की तीच अक्षरे प्रतिष्ठेची ठरली. १९३८ मध्ये तर ‘झोलिंगेन’ या नावालाच कायद्याने संरक्षण मिळाले. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यानेही आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. संग्राहकाला याचा सरळ उपयोग होतो. अमेरिकेत सापडलेल्या शेफील्डच्या चाकूवर ‘इंग्लंड’ असे लिहिले असेल तर तो बहुधा १८९१ नंतरचा. ‘स्टेनलेस’ हा शब्द असेल तर तो आणखी पुढचा, कारण हॅरी ब्रेअर्लीने शेफील्डमध्ये गंज न चढणारे पोलाद तयार केले ते १९१३ साली. ‘स्टेनलेस’ पाते आणि ‘व्ही आर’चा मुकुट एकत्र दिसले, तर व्हिक्टोरियाच्या काळाची गोष्ट सांगणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे नमस्कार करून पुढच्या दुकानाकडे वळावे.

गावाच्या नावाची चोरी आजही संपलेली नाही. फ्रान्सच्या आव्हेरों भागातल्या लायोल या खेड्यात १८२९ च्या सुमारास एक डौलदार घडीचा चाकू तयार होऊ लागला. त्याच्या पाठीवर माशीची आकृती असते. पण ‘लायोल’ हे चाकूच्या एका घाटाचे नाव बनले, त्यामुळे त्यावर एका कारखान्याचा हक्क राहिला नाही. फ्रान्सच्या तिएर गावात असे चाकू पिढ्यान्‌पिढ्या होत आले, आणि आता आशियातला स्वस्त मालही त्याच नावाने विकला जातो. १९९३ मध्ये गावाबाहेरच्या एका व्यापाऱ्याने हे नाव स्वतःच्या नावावर नोंदवून घेतले. न्यायालयीन लढाईला कंटाळलेल्या गावकऱ्यांनी २०१२ मध्ये निषेध म्हणून गावाच्या नावाच्या पाट्याच उतरवल्या. नवख्याने यातून एवढेच घ्यावे: माशी दिसली म्हणजे चाकू लायोलचा झाला, असे नाही. माशीच्या जोडीला कारखान्याचे नाव कुठे आहे ते पाहावे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी म्हणूनच दुर्मीळ वस्तूंच्या मागे न लागता, ज्यांची नोंद स्वच्छ आहे असे साधे चाकू आधी घ्यावेत. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोझेफ ओपिनेलने १८९० मध्ये तयार केलेला लाकडी मुठीचा चाकू शेतकऱ्यांसाठी होता. १८९७ मध्ये त्याचे १ ते १२ असे आकार ठरले, १९५५ मध्ये पाते अडकवून ठेवणारे कडे आले. कडे आहे की नाही यावरूनच नवख्याला जुना-नवा हा पहिला फरक कळतो. स्विस सैनिकांच्या चाकूची कथा याहून गमतीची. त्याची पहिली खेप झोलिंगेनहून आली होती, कारण एवढा माल पुरवू शकेल असा कारखाना स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. ती उणीव कार्ल एल्झेनरने १८९१ पासून भरून काढली, आणि त्याचा प्रसिद्ध अधिकाऱ्यांचा चाकू १८९७ चा. आईच्या निधनानंतर तिचे ‘व्हिक्टोरिया’ हे नाव त्याने १९०९ मध्ये मालाला दिले. १९२१ मध्ये त्याला गंजरोधक पोलादाचे ‘इनॉक्स’ जोडले जाऊन ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झाले. म्हणजे या चाकूवर कोणते नाव आहे, एवढ्यावरूनही त्याचा काळ ठरवायला मदत होते. अमेरिकेतल्या केस कंपनीने तर १९७० मध्ये ठशाखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एक ठिपका कमी करत नेला. ठसा वाचण्याची सवय लावायला याहून सोपी पाटी नाही.

ठसा वाचून झाला की मग चाकू बघावा. पाते मिटल्यावर त्याचे टोक मुठीत पुरते लपले पाहिजे. पाते मुठीच्या मानाने फारच अरुंद किंवा आखूड वाटले, तर ते सहाणेवर झिजून गेलेले किंवा मोडल्यावर घासून बसवलेले असते. उघडताना आणि मिटताना खटका स्पष्ट वाजला पाहिजे. तो मुठीच्या पाठीत बसवलेल्या पोलादी पट्टीचा आवाज असतो. पाते डावी-उजवीकडे डुगडुगू नये. ठशाची अक्षरे झिजलेली आणि बाकीचे पाते मात्र आरशासारखे, असे असेल तर ते नुकतेच चकचकीत केलेले आहे. उलट पाते जुनाट आणि अक्षरे मात्र कोरी करकरीत असतील, तर जास्तच सावध व्हावे. पोलादावर काळानुसार चढलेला करडा रंग हा डाग नव्हे, ते वय आहे. ते घासून काढले की चाकूची किंमतही उतरते. तांबडा गंज मात्र तेलाच्या बोटाने वेळच्या वेळी पुसावा. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी कुजताना आम्लाची वाफ सोडतात आणि शेजारची पातीही खातात. त्या वेगळ्या ठेवाव्यात. हस्तिदंती मुठीच्या मोहात तर पडूच नये. हस्तिदंताचा व्यापार भारतात कायद्याने बंद आहे, आणि रॉजर्सच्या तळघरात साठवलेल्या सुळ्यांमागे किती हत्ती गेले, याची कल्पना केली तरी ती मूठ हातात जड होते. घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठीच नसलेले, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते आपल्या शस्त्रनियमांच्या कक्षेत येते, हेही लक्षात असू द्यावे. खिशातल्या चाकूचा संग्रह करणाऱ्याला तेवढ्या पात्याची गरजही नसते.

इथवर ठशाचे गुण गायले. पण ठसा एक गोष्ट लपवतोही. शेफील्डचा एक चाकू किमान तीन हातांतून जाई: लोहार पाते घडवी, धारवाला ते दगडावर घासून धार काढी, आणि कटलर मूठ बसवून सारे जुळवी. पुष्कळसे कारागीर लहानशी खोली आणि चाक भाड्याने घेऊन काम करत. त्यांना तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत. त्यांचा माल मोठ्या पेढ्या विकत घेत आणि वर पेढीचे नाव उमटे. कोरड्या दगडावर घासणाऱ्या धारवाल्यांच्या छातीत दगडाची आणि पोलादाची धूळ भरे. कॅल्व्हर्ट हॉलंड या डॉक्टरने १८४३ मध्ये या धारवाल्यांच्या फुप्फुसांच्या रोगावर पुस्तक लिहिले. यातले बरेच जण चाळिशीही गाठत नसत. ज्या चाकूची चमक पाहून आपण खूश होतो, ती चमक आणणाऱ्याचे नाव चाकूवर कुठेच नसते. जबाबदारीसाठी सुरू झालेला ठसा शेवटी मालकीचा ठसा झाला.

ही उणीव एका संग्राहकाने ओळखली होती. शेफील्डमध्ये हत्यारांचे दुकान चालवणारे केन हॉली यांनी तयार वस्तूंबरोबर अर्धवट घडवलेली पाती, कारागिरांची अवजारे, दुकानांची माहितीपत्रके आणि कामाची छायाचित्रेही जमवली. कारखाने बंद पडत होते, म्हाताऱ्या कारागिरांचे सामान भंगारात निघत होते, तेव्हा ते जाऊन गोळा करत. त्यांचा संग्रह आज शेफील्डच्या केल्हम आयलंड संग्रहालयात आहे. घडीचे चाकू हाताने घडवणाऱ्या अखेरच्या थोड्या कटलरांपैकी एक असलेले स्टॅन शॉ किशोरवयात इबरसन यांच्या कारखान्यात लागले. कित्येक वर्षे दुसऱ्यांच्या नावांखाली काम केल्यावर १९८३ मध्ये त्यांनी स्वतःचे दुकान थाटले आणि २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे चाकू लोक त्यांच्या नावाने मागत, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे थांबत.

म्हणून नवख्या संग्राहकाने पहिला चाकू घेतला की त्याबरोबर एक वहीही घ्यावी. ठसा जसाच्या तसा त्यात उतरवावा; चाकू कोणाकडून आला, तो आधी कोण वापरत होता, त्याने काय कापले जाई, मोडल्यावर कोणत्या शिकलगाराने दुरुस्त केला, तेही विचारून लिहावे. घरातल्या आजोबांच्या पेटीत सापडलेला चाकू बाजारात दोनशे रुपयांचाही नसेल. पण त्याबद्दल सांगू शकणारे माणूस घरात अजून असेल, तर ती नोंद आधी करावी. पुढचा चाकू घ्यायची घाई नसते.