राजगड, रायगड आणि रायरेश्वर

राजगड आणि रायगड या दोन नावांत फरक एवढ्या एका अक्षराचा आहे. परंतु त्या एका अक्षरामुळे आपल्याकडे पुष्कळ घोटाळे होतात. शिवाजी महाराज आग्र्यास कोठून निघाले, असे चांगल्या शिकलेल्या गृहस्थास विचारा. दहांतले पाच तरी रायगडाचे नाव घेतील. महाराज १६६६ च्या मार्च महिन्यात निघाले ते राजगडावरून, आणि आग्र्याहून सुटून परत आले तेही राजगडावरच. सईबाईंचे निधन १६५९ साली झाले ते राजगडी. जिजाबाईंचे १६७४ साली झाले ते रायगडाच्या पायथ्याशी पाचाडास. राजाराम महाराजांचा जन्म १६७० सालचा, तोही राजगडावरचा. पाव शतकाच्या आसपास जो किल्ला राज्याचे ठाणे होता, त्याचे श्रेय आपण नकळत दुसऱ्याच्या पदरात घालतो. याचे कारण उघड आहे. राज्याभिषेक रायगडावर झाला, आणि राज्याभिषेकाच्या तेजात आधीची वर्षे दिसेनाशी झाली.

हे दोन्ही गड मुळातले निराळे. राजगड म्हणजे पूर्वीचा मुरुंबदेवाचा डोंगर. तो महाराजांनी बांधून घेतला. रायगड म्हणजे जावळीच्या मोऱ्यांकडील रायरी. ती १६५६ साली हाती आली. एक सह्याद्रीच्या पूर्व अंगास, गुंजण मावळात. दुसरा घाटाखाली कोकणात, महाडच्या बाजूस. आता तर शासनाच्या दप्तरातही ही जोडी शेजारी येऊन बसली आहे. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, आणि २०२४ साली वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. टपालखात्याची परीक्षाच म्हणावयाची!

तालुक्यास राजगड म्हणण्याची रीत मात्र नवी नव्हे. पंतसचिवांच्या भोर संस्थानात पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि ही नावे व्यवहारातून गेली. येथे घोटाळा उलट प्रकारचा होतो. तेथे दोन गडांचा एक होतो, येथे एका गडाचे दोन होतात. प्रचंडगड म्हणजे तोरणा, आणि विचित्रगड म्हणजे भोरच्या दक्षिणेस बाजारवाडीवर उभा असलेला रोहिडा. जुने कागद चाळणाऱ्यास हे ठाऊक नसेल तर तो या मुलखात दोन किल्ले अधिक मोजून बसेल.

रोहिड्याचे नाव निघाले म्हणजे खरा नाजूक प्रश्न पुढे येतो. भोर तालुक्यातील लहान मूलही सांगेल की स्वराज्याची शपथ रायरेश्वरावर घेतली गेली. या समजुतीस आधार म्हणून जे पत्र दाखविले जाते ते १६४५ सालचे, रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभू यांस महाराजांनी लिहिलेले म्हणून प्रसिद्ध आहे. त्या पत्रात देवाचे नाव आहे ते रायरेश्वर नव्हे; रोहिरेश्वर असे आहे. मग कोणी म्हणतो, हा देव रोहिडा किल्ल्यावरचा. शपथ झाली असेल तर ती तेथे झाली. वरवर पाहता हे पटण्याजोगे आहे. नाम सारखे, खोरे तेच, किल्लाही जवळचा.

परंतु पत्रात नावाबरोबर वर्णनही आहे, हे विसरून कसे चालेल? हा देव खोऱ्यातला आदिकुलदेव, डोंगरमाथ्यावरील पठारावरचा, स्वयंभू, असा त्याचा उल्लेख आहे. रोहिडा हा बांधलेला किल्ला आहे. एकापुढे एक तीन दरवाजे, तट, बुरूज, आणि माथा बेताचा. पठार म्हणावे असे तेथे काही नाही. उलट रायरेश्वर म्हणजे पठारच. सुमारे साडेचार हजार फूट उंचीवर पसरलेले, वर शेती आणि जंगमांची वस्ती असलेले. शिवाय रोहिड्याच्या तिसऱ्या दरवाज्यावर मोहम्मद आदिलशहाच्या वेळचा, १६५६ सालचा, फारसी आणि मराठी शिलालेख आहे. किल्ला त्या सालापर्यंत विजापूरकरांचा होता असा त्याचा अर्थ. जेथे विजापूरचा शिबंदीचा पहारा, तेथे अकरा वर्षे आधी मावळ्यांनी जमून विजापूरविरुद्ध शपथ घ्यावी, हे मला तरी संभवनीय वाटत नाही.

तेव्हा रोहिरेश्वर या नावातील ‘रोहिर’ किल्ल्याकडून आलेले नसून खोऱ्याकडून आले असावे, असा माझा तर्क आहे. रोहिडा हा एक गड. रोहिडखोरे हा गावे, वतने, देशमुख, देशपांडे असलेला मुलूख. कारीचे जेधे या खोऱ्याचे देशमुख होते. खोऱ्याचा देव तो रोहिरेश्वर, हा अर्थ पत्रातील शब्दांशी नीट बसतो.

येथे आणखी दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात, ते निराळे ठेवावयास हवेत. पत्रातील देव कोठला, हा एक. पत्र अस्सल आहे की मागाहून तयार झालेले, हा दुसरा. आणि यावर इतिहाससंशोधकांत मतभेद आहेत. वादविवादात पुष्कळदा असे होते की एक जण पहिल्याचे उत्तर देतो व दुसरा ते दुसऱ्याचे समजून भांडतो. पत्र बनावट ठरले तर १६४५ च्या शपथेचा लेखी पुरावा डळमळतो. पण पत्रात वर्णिलेले पठार त्यामुळे हलत नाही. ज्याने ते लिहिले, मग तो कोणीही असो, त्याला खोऱ्याचा देव कोठे आहे हे माहीत होते. उलट पठार ओळखू आले म्हणून पत्र अस्सल ठरले, असेही होत नाही. खोट्या कागदात खरी गावे असतात; किंबहुना खोटा कागद करणारा गावांची नावे अधिकच जपून घालतो. वतनाचे जुने तंटे ज्यांनी वाचले आहेत त्यांस हे नव्याने सांगावयास नको.

राहता राहिली रायरी. रायरी म्हणजे रायगड, आणि रायरेश्वर हा भोरचा. या दोहोंत नावापुरतेच सादृश्य आहे. मध्ये सह्याद्रीची धार आहे. रायरेश्वराच्या देवळात शपथ झाली असे ऐकून जो महाडकडील रायगडाच्या जगदीश्वरापुढे हात जोडून उभा राहतो, त्याला देव भेटतो खरा, पण भोरहून कोर्ले गावाकडे जाणारी वाट त्याची चुकलेली असते.