कॅमेऱ्याचं कळकणं

आज आपण कॅमेऱ्याच्या भिंगाकडे नाही, तर त्याच्या अंगाकडे बघणार आहोत. म्हणजे बॉडीकडे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ‘ट्रॉपिकल’ नावाचे कॅमेरे बनत. हिंदुस्थानासारख्या दमट वसाहतींत जाणाऱ्या साहेबांसाठी. सँडरसनचा ट्रॉपिकल घ्या. एरवी पेटीवर काळं कातडं चढवलेलं असे. इथे उघडं, पॉलिश केलेलं सागवान आणि पितळी पट्ट्या, पितळी स्क्रू. कातडं फक्त भात्यापुरतं. दमट हवेत डिंक सुटतो, कातडं ओल धरून ठेवतं, हे त्या कारागिरांना पुरतं कळलं होतं.

गंमत अशी, की पुढे धातूचे कॅमेरे आले आणि हे शहाणपण मागे पडलं. १९२५ मध्ये लायका बाजारात आला, १९३२ मध्ये झाइस इकॉनचा कॉन्टॅक्स. कॉन्टॅक्सचं धातूचं अंग, वर घट्ट चिकटवलेलं कातडं आणि त्याखाली पितळी रिवेट. काही वर्षांनी कातड्याला बारीक फोड येतात. संग्राहक त्यांना ‘झाइस बम्प्स’ म्हणतात. कातडं उचलून बघा, रिवेटवर हिरवी पूड. आपल्याकडे कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं ना, तसलाच प्रकार. तांबं, आम्ल आणि ओल.

नंतर बॅटरीवर चालणारे लाइटमीटर आले. इथलं नुकसान सगळ्यात वाईट, कारण गळालेला पोटॅशियम हायड्रॉक्साइड कप्प्यात थांबत नाही, वायरीतून वर चढतो. तो अल्कली आहे, म्हणून कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसायचा. मग डिस्टिल्ड वॉटर, मग कोरडं करणं. रिवेटवरची हिरवी पूड मात्र लाकडी काडीने खरवडायची.

आणि ब्रासो? आमचं मत स्पष्ट आहे, नको. जुन्या काळ्या लायकाचा रंग कोपऱ्यांवर झिजून पितळ दिसतं, तो गंज नव्हे. कुणाचा अंगठा कुठे टेकत होता, याची ती नोंद आहे. चकाचक केली की पुसली जाते, आणि परत येत नाही. जे अजून धातू खातंय तेवढंच काढा.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. घरी जाऊन आजोबांचा कॅमेरा उघडा, बॅटरी आत असेल तर आजच काढा.