नट किती आवळावा?

जाफराबादला रेल्वे नाही. जालना असो, भोकरदन असो की चिखली, प्रवास रस्त्यानेच. खड्ड्यांतून आदळत जाणाऱ्या मोटारींचे चाकांना सांगाड्याशी जोडणारे आर्म आणि त्यांतले रबरी बुश झिजतात. मग बाजारातून नवा आर्म आणायचा, बोल्ट घालायचे आणि हातात जोर असेल तेवढे आवळायचे. एवढ्याने काम नीट होते का? उत्तरासाठी आपल्याला बोल्टच्या इतिहासात डोकवावे लागेल.

सुरुवात बैलगाडीपासून करू. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतो. तापवून ती फुगली की चाकावर बसवतो आणि पाणी ओततो. थंड होताना धाव आकसते, पण लाकूड तिला पूर्ण आकसू देत नाही. धाव ताणलेली राहते, चाक दाबलेले राहते. आरे, तुंबा, सगळे घट्ट. धाव चाकाला पकडते ती या ताणाच्या बळावर.

बोल्टचेही असेच आहे. आपण त्याला खिळ्यासारखा समजतो, पण नट फिरवला की बोल्ट किंचित लांबतो आणि मधले भाग एकमेकांवर दाबले जातात. ताण आणि लांबी यांचे प्रमाण सांगणारा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्या अर्थाने बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंगच आहे. कमी ताणली तर जोड हलतो. मर्यादेबाहेर ताणली तर ती कायमची लांबते किंवा तुटते.

पण आधी अडचण होती आट्यांची. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्स्ली यांनी १८०० च्या सुमारास अचूक आटे पाडणारे लेथ यंत्र बनवले. त्यांच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी अनेक कारखान्यांतले स्क्रू गोळा करून त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये ५५ अंश कोनाच्या समान आट्यांची पद्धत मांडली. नट कुठलाही बोल्टवर बसू लागला. तो किती आवळायचा, हे मात्र कारागिराच्या मनगटावरच राहिले.

ते मोजण्याची गरज पुढे आली ती पाण्याच्या नळांपायी. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यातले कॉनरॅड बार यांनी १९१८ मध्ये टॉर्क पाना तयार केला. नळांच्या जोडांवरचे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले जाऊ नयेत, हा हेतू होता. आवळण्याचा जोर आता आकड्यात सांगता येऊ लागला.

हिशेब सोपा आहे. ३० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर २० किलोग्रॅम जोर लावला, तर पीळ ६ किलोग्रॅम-मीटर. १२ मिलिमीटर जाडीच्या कोरड्या बोल्टमध्ये त्यातून साधारण अडीच टन ताण येतो. पिळापैकी जेमतेम दहावा हिस्सा ताणासाठी खर्च होतो. उरलेला नटाखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. म्हणूनच आट्यांना तेल लावून तोच आकडा गाठला, तर बोल्ट कितीतरी अधिक ताणला जातो.

मग घट्ट नट सैल का होतो? जर्मन अभियंता गेऱ्हार्ट युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवले की जोडातले भाग आडवे सरकू लागले की आट्यांतली पकड सुटते आणि नट आपोआप उलटा फिरतो. खड्ड्यांचा रस्ता नेमके हेच आडवे धक्के देतो. पुरेसा ताण असेल तर भाग सरकत नाहीत.

आर्मच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. बोल्ट बुशच्या आतली पोलादी नळी दाबून धरतो. चाक वरखाली होते तेव्हा नळी जागीच राहते आणि भोवतालचे रबर पिळले जाते. गाडी जॅकवर असताना, चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून आधी बोल्ट हलकेच बसवावेत, गाडीचे वजन चाकांवर आणावे, आणि मग त्या गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याइतके आवळावेत. पुस्तिकेने सांगितले असेल तिथे जुना नट पुन्हा वापरू नये. चाकाची दिशा हाच आर्म सांभाळतो. इथे कामचुकारपणा केला तर किंमत प्रवासी मोजतात.

वर्गात हे करून पाहा. लाकडी ठोकळ्यातून बोल्ट घाला, पान्याच्या टोकाला ताणकाटा अडकवा आणि ठराविक वजनापर्यंत ओढा. नटाची जागा खडूने खूण करून ठेवा. मग नट काढून आट्यांना तेल लावा आणि दुसऱ्या तशाच ठोकळ्यावर तितक्याच जोराने ओढा. नट कुठे थांबला? तो पुढे का गेला, हे आधी मुलांनाच विचारा.